झाकलेल्या मूर्तींचा फोटो

काल पहिल्यांदा मी एकटीनं डार्करूमचं दार आतून लावून घेतलं. तेरवी आटोपली, तुमच्या बहिणी आपापल्या गावाला गेल्या, शेजारणी डबे आणून देत होत्या त्याही आता त्यांच्या संसाराला लागल्या. घरात बोलायला कोणी नाही, आणि मला बोलल्याशिवाय राहवत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? लाल दिवा लावला. तुम्हाला जागा व्हावी म्हणून सवयीनं माझा स्टूल भिंतीकडे सरकवला. मग लक्षात आलं. त्यानंतर बराच वेळ फोटो धुवायच्या हायपोचा वास घेत मी नुसती बसून राहिले.

लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलून गेले. देवमाणूस, म्हणाले. मला त्याही दिवसांत हसू आलं. देवाशी तुमचं कधी जमलं होतं? एकादशीला स्टुडिओच्या गल्ल्यावर बसून खुशाल कांद्याचा चिवडा खाणारा माणूस तुम्ही. सासूबाई पूजेला बसा म्हणून मागे लागल्या की देव फोटोला बसायला येत नाही, मग मी त्याच्याकडे कशाला जाऊ, असं म्हणून सायकल काढायचात. पेपरातही चार ओळी आल्या. त्यात तुमचं घराणं आहे, शिक्षण आहे, वय आहे, आणि वय चुकलेलं आहे. ते राहू द्या. मला तुमच्याशी एकच भांडण पुरं करायचं आहे, आणि ते अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात. शहापूरच्या पुढच्या त्या जुन्या चर्चच्या फोटोचं भांडण. सगळ्या आयुष्यात एकच काम तुम्ही पोटासाठी नाही तर हौसेनं घेतलं होतं. तेच आपल्या हातानं का बिघडवलंत, हे मी तुम्हाला वर्षानुवर्षं विचारत आले. तुम्ही सांगितलं नाही ते नाहीच.

आणीबाणीच्या दिवसांतली गोष्ट. थंडी सरत आली होती तेव्हा तिथले फादर आपल्या स्टुडिओत आले. केरळचे होते, पण मराठी आपल्यापेक्षा शुद्ध बोलायचे. म्हणाले, फ्रान्सहून आलेल्या जुन्या फादरांनी बांधलेलं चर्च आहे, छपराच्या लाकडाला वाळवी लागली, ईस्टर झाला की सगळं उतरवून नवीन बांधायचं आहे. लाकडी वेदीही काढावी लागेल. त्याआधी आतल्या भागाचा एक चांगला फोटो हवा, म्हणजे पुढच्या लोकांना कळेल की इथं काय होतं. मी आतल्या खोलीत पडल्या पडल्या हे ऐकलं. तुमचा आवाजही ऐकला. लग्नाच्या ऑर्डरी घेताना तुमचा आवाज असा नसायचा.

तुम्ही दुसऱ्याच दिवशी सायकलनं जाऊन ते पाहून आलात. संध्याकाळी जेवायला बसलात तर ताटातला भात निवून गेला, तुमचं सांगणं संपेना. भिंती हातभर जाड आहेत, आत पाय ठेवला की माठाजवळ बसल्यासारखं गार वाटतं, खिडक्या लहान आणि उंचावर, उजेड वरून थोडा थोडा खाली उतरतो. खांब सागवानाचे, आणि तेही आंबागडच्या जंगलातले. तुझ्या माहेरचं रान तिथं उभं आहे, म्हणालात. माझे बाबा त्या जंगलातून गाडीनं लाकूड ओढायचे, म्हणून तुम्ही मला ते मुद्दाम सांगितलंत. वेदीवरचं नक्षीकाम सांगितलंत, बाकं सांगितलीत, जमिनीवरच्या फरशीचा रंगही सांगितलात. मूर्तींबद्दल मात्र एक शब्द बोलला नाहीत. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात यायला मी तरी कुठं ठिकाणावर होते? त्याच हिवाळ्यात आपलं बाळ गेलं होतं. चार महिन्यांचं होतं. लहान लेकराचा फोटो काढला की त्याचं आयुष्य कमी होतं, या सासूबाईंच्या हट्टापायी फोटोवाल्याच्या घरात जन्मून त्याचा एक फोटो निघाला नाही. तुम्ही आणि तुमचे भाऊ त्याला घेऊन गेलात आणि वैनगंगेच्या काठाला, कारध्याच्या बाजूला, मातीत ठेवून आलात. बायकांनी जायचं नसतं म्हणून मी घरी. त्यानंतर मी पुढच्या खोलीत येणंच सोडलं. स्टुडिओत बायका तान्ही लेकरं घेऊन यायच्या, त्यांचं रडणं ऐकू आलं की मी कानावर उशी दाबून पडायची. निगेटिव्हवर पेन्सिलीनं हात फिरवायचं काम माझं, ते सगळं तुमच्यावर पडलं. तुमच्या हातून नवरीच्या नाकाचे पकोडे व्हायला लागले, पण तुम्ही मला काम कर म्हणून एकदाही म्हटलं नाही.

म्हटलंत ते आरशाचं. चर्चमध्ये वीज नव्हती, आणि खिडक्यांचा उजेड वेदीपर्यंत पोचत नव्हता. दारातून येणारं ऊन आरशानं आत न्यावं लागेल आणि शटर उघडं असेपर्यंत ते हळूहळू सगळीकडे फिरवावं लागेल, असं तुम्ही ठरवलं होतं. आरसा धरायला तू चल, म्हणालात. मी म्हटलं, बाजारातला कोणताही पोरगा न्या. त्यावर तुम्ही म्हणालात, "पोट्टे आरशात आपलंच थोबाड पाहत राहतेत. तुझा हात ठरते." मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं खोलीत खडखड आवाज आला म्हणून पाहते तर तुम्ही पेचकस घेऊन माझ्या माहेरच्या कपाटाचा आरसा उचकटत होतात. मी ताडकन उठले. किती महिन्यांनी उठले असेन, देव जाणे. तुम्हाला काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण भांडता भांडता मी तो आरसा तुमच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या गोधडीत गुंडाळला, एवढं आठवतं. तुम्ही तोडला असतात ना तो.

त्यानंतर तुम्ही दिवस ठरवण्यात मात्र चालढकल केलीत. फादरचा निरोप आला, तुम्ही पुढच्या आठवड्यात म्हणालात. तो आठवडाही गेला. मला वाटलं, मी तयार व्हावं म्हणून थांबलात. उन्हं तापायला लागली, मोहफुलं पडायला लागली, ईस्टर अगदी तोंडावर आला, तेव्हा कुठं आपण निघालो.

भंडाऱ्याहून शहापूरपर्यंत एस.टी.नं गेलो. लाकडी कॅमेरा आणि त्याचं तिकाटणं टपावर, गोधडीतला आरसा माझ्या मांडीवर उभा. कंडक्टर तिकीट देताना म्हणाला, "बाई, म्हातारं मानूस हाये का आत?" तुम्ही हसलात. मी नाही हसले, पण तोंड फिरवून घेतलं, म्हणजे थोडं हसले असेन. शहापूरहून बैलगाडीनं पुढे गेलो. वाटेत धानाच्या बांध्या कोरड्या पडलेल्या होत्या आणि एका बोडीत, लहानशा तळ्यात, थोडं पाणी उरलं होतं. घराबाहेर इतकं आभाळ असतं हे मी विसरून गेले होते.

दारात जोसेफ मास्तर उभे होते. तिथल्या लोकांना प्रार्थना शिकवणारे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. चपला घालून आलं तरी चालतं, असं ते म्हणाले, पण मी बाहेरच काढल्या, देव तो देव. आत आले आणि पाहते तर सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडांखाली. वेदीवरची मोठी झाकलेली, कोनाड्यांतल्या झाकलेल्या, क्रूसही झाकलेला. मला वाटलं, चुना लावायचं काम निघालं. आपल्याकडे दिवाळीच्या आधी घर सारवताना देवांवर धडपा टाकतात, तसंच समजले मी. आता फोटो काढायचा म्हणजे कापडं काढायलाच हवीत, म्हणून सगळ्यात जवळची जी मूर्ती होती तिच्या कापडाचं टोक मी धरलं. बाकीच्या मूर्ती उंच आणि अंगानं अरुंद, ही मात्र बुटकी आणि पसरट होती, कोणी मांडी घालून बसावं तशी.

"यमुना, सोड ते."

मी दचकले. चारचौघांत तुम्ही मला कधी नावानं हाक मारली नव्हती. माझं नाव तुमच्या तोंडी यायचं ते डार्करूममध्ये, दार बंद असताना. आणि तुमचा आवाजही तुमचा नव्हता. मी कापड सोडून दिलं.

तेवढ्यात फादर आले. त्यांनी मला समजावून सांगितलं की ईस्टरच्या आधीचे शेवटचे दोन आठवडे मूर्ती झाकून ठेवतात, ते प्रभूच्या दुःखाचे दिवस असतात. मग तुमच्याकडे पाहून म्हणाले, मला वाटलं तुम्ही आधीच्या महिन्यात याल. पण काही बिघडलं नाही, फोटोचं काम महत्त्वाचं आहे, अर्ध्या तासासाठी मी कापडं काढून देतो, देव रागावणार नाही. मी लगेच पुढे झाले. तुम्ही म्हणालात, "नको फादर. झाकलेल्या देवाले उघडू नाही."

फादरच्या डोळ्यांत पाणी आलं. परक्या धर्माचा माणूस आपल्या देवाचा एवढा मान राखतो, असं त्यांना वाटलं. मी मात्र आ वासून तुमच्याकडे पाहत राहिले. हा कोण सोवळा माणूस माझ्या नवऱ्याचे कपडे घालून उभा आहे? जोसेफ मास्तर दाराशी होते, ते खाली फरशीकडे पाहत होते. मी फादरला विचारलं, ही पसरट मूर्ती कोणाची हो? ते सांगणार एवढ्यात तुम्ही मध्ये पडलात, फादर, ती वरची खिडकी लावता येईल का म्हणून. त्या खिडकीनं तुमचं काय बिघडवलं होतं?

मग तुम्ही काळ्या फडक्याखाली डोकं घातलंत. मी दाराशी उन्हात आरसा घेऊन उभी राहिले. तुम्ही लेन्सचं झाकण काढलंत आणि मोजायला लागलात. तुमच्या वडिलांच्या अडतीत धान मोजताना एकच्या जागी लाभ म्हणायचे, तीच सवय तुम्हाला. लाभ, दोन, तीन. त्या थंड, शांत जागेत तुमचं मोजणं अंगणात पायली भरत असल्यासारखं ऐकू येत होतं. मी ऊन खांबांवरून नेलं, वेदीवर नेलं, कापडांच्या घड्यांवरून सावकाश खाली आणलं, बाकांवर सोडलं. हात भरून आले, पण हलले नाहीत. किती दिवसांनी माझ्या हातांना काही काम होतं. तुम्ही झाकण लावलंत तेव्हा मला वाटलं, इतक्यात?

परत येताना शहापूरच्या हॉटेलात तुम्ही भजी घेतलीत. मी माझी संपवली आणि तुमच्यातली खाल्ली. खाता खाता भांडत होते. एवढं सुंदर देऊळ, आणि फोटो कशाचा, तर गाठोड्यांचा. आधी विचारून यायला काय झालं होतं? वरातीमागून घोडं. फादर स्वतः काढून देत होते, तर यांना ऐन वेळी भक्ती सुचली. भंडाऱ्याचा स्टँड येईपर्यंत माझं तोंड थांबलं नाही. तुम्ही खिडकीतून बाहेर पाहत होतात आणि मिशीत हसत होतात. मला त्या हसण्याचा इतका राग आला की घरी आल्यावर मी तुमच्या आधी स्टुडिओत शिरले आणि साठलेल्या निगेटिव्हचा डबा घेऊन बसले.

फोटो मात्र काय उतरला होता. खांबांच्या लाकडाची रेघ न् रेघ, बाकांची झिजलेली कड, वरून झिरपलेला उजेड. आणि मधोमध काळे ठोकळे, कारण जांभळा रंग काळाच येतो. फादरनी आभार मानले, चर्चमध्ये लावलाही. ईस्टरनंतर गवंडी आले. वेदी काढताना वाळवी लागलेल्या लाकडाचा भुगा झाला, तीही गेली. म्हणजे त्या चर्चचा आतून काढलेला एकच फोटो जगात राहिला, आणि त्यात देवाचं तोंड नाही. नागपूरला फोटोंचं प्रदर्शन भरलं तेव्हा तुमचे दोस्त म्हणाले, तो चर्चवाला पाठव. तुम्ही पाठवला नाही. मग तेच दोस्त तुम्हाला 'गाठोडेवाले' म्हणून चिडवायला लागले. तुम्ही त्यांच्यासोबत हसायचात. मला ते झोंबायचं. दर वेळी कोणाची बक्षिसाची बातमी आली, कोणी रंगीत स्टुडिओ टाकला, की मी तो फोटो उकरून काढायची. एकदा फारच बोलले. तुमच्या हातात कला होती आणि ती तुम्ही मातीत घातलीत, असं म्हटलं. तेव्हा तुम्ही ब्रश धुता धुता एवढंच म्हणालात, "मले जे पायजे होतं ते त्या दिवशी भेटलं. तू कायले जीव जाळतं?" मी म्हटलं, काय भेटलं, कप्पाळ? तुम्ही ब्रश झटकलात आणि बाहेर गेलात.

पुढे कूस पुन्हा उजवली नाही. तुम्ही त्याबद्दलही कधी बोलला नाहीत. आपण दोघं आणि तो लाल दिवा, एवढाच संसार झाला. बोलायचं मी आणि ऐकायचं तुम्ही, अशी वाटणी होती, म्हणून वाटायचं की तुमच्या मनातलं मला सगळं ठाऊक आहे.

आता ऐका. परवा जोसेफ मास्तर घरी आले. पार थकलेत, काठी घेऊन चालतात. तुमची बातमी त्यांना उशिरा कळली. पाणी प्यायले, बसले, तुमच्या खुर्चीकडे पाहत राहिले. जाताना संकोचानं म्हणाले की त्यांच्याकडचा फोटो ओलीनं खराब झाला आहे, काचेची निगेटिव्ह असेल तर एक नवीन कॉपी मिळेल का. तिथली जुनी माणसं त्या फोटोत आपलं बाक शोधतात, म्हणाले. मी देते म्हटलं. म्हणून काल डार्करूममध्ये गेले. काच पेटीत होती, तुम्ही मऊ कापडात गुंडाळून ठेवलेली. प्रिंट पहिली काळी आली, दुसरी बरी आली. तुम्ही असतात तर तिसरी काढायला लावली असती, म्हणून तिसरी काढली. आज सकाळी ती घेऊन मी एकटीच एस.टी.त बसले.

शहापूरच्या पुढे आता रिक्षा जाते. बांध्यांमध्ये धान कापून पडलं होतं, बाया पेंढ्या बांधत होत्या. चर्च मी ओळखलंच नाही. सिमेंटचं, पांढरं, मोठ्या खिडक्यांचं, आत कुठंही अंधार नाही. नवे फादर बाहेरगावी होते. मास्तरांनी प्रिंट दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि आपल्या बायकोचं बाक दाखवलं. मग म्हणाले, जुन्यातलं फक्त एक उरलं आहे, दगडाचं होतं म्हणून. या.

बाजूच्या कोनाड्यात ती होती. ती पसरट मूर्ती. कापड नव्हतं.

एक बाई बसलेली, आणि तिच्या मांडीवर तिचा मेलेला मुलगा. मोठा, दाढीवाला, पण आडवा पडलेला, मान मागे टाकलेली. तिनं एका हातानं त्याला खांद्याशी धरलेलं, आणि दुसरा हात मोकळा, उघडा, कोणापुढे तरी धरलेला.

"मरियामाय हाये," मास्तर म्हणाले. "लेकाले क्रुसावरून खाली उतरवलं, तवाचं." मग ते काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "बाई, साहेब आता नाई, म्हनून सांगतो. पैल्या खेपेस आले तवा याच मूर्तीपाशी थांबले. मले म्हने, मास्तर, फोटोच्या दिवशी इले हालवता येइल काय? मी म्हटलं, दगड हाये, कसा हालंल. मंग म्हने, झाकता येइल काय? मी म्हटलं, ईस्टरच्या आंधी सारंच झाकून रायते. तर म्हने, मंग मी तवाच येतो."

मी कोनाड्याच्या कडेला हात ठेवला. मास्तर पुढे सांगत होते.

"मी म्हटलं, साहेब, फोटोत एकबी देव दिसनार नाई. पायजे तर ही एकच झाकू. तर म्हने, एकच झाकली तर माही बायको पैले तेच उघडून पाहिल, तिचा सभावच तसा हाये. आमचं लेकरू आताच गेलं. तिले घराबाहेर काढाचं हाये, पन हे दिसू द्याचं नाई."

बाळ गेलं त्या सकाळी मी त्याला मांडीवरून उतरवू देत नव्हते. सासूबाई, नणंदा, शेजारच्या आज्या, सगळ्या समजावून थकल्या. कोणी ओढायला आलं तर मी चावायला धावले म्हणतात. तुम्ही माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसलात आणि काही न बोलता बसून राहिलात. उन्हं अंगणात आली तेव्हा कधीतरी तुम्ही हात पुढे केलेत, आणि मी त्याला तुमच्या हातात दिलं. ते तुम्ही एकट्यानंच समोरून पाहिलं होतं. मला मी कशी दिसत होते हे आज कळलं, त्या दगडात.

मग एकेक सगळं जागेवर बसलं. ती चालढकल, ती हाक, ती खिडकी, मिशीतलं हसणं. तुम्हाला जे पाहिजे होतं ते त्या दिवशी मिळालं, म्हणजे मी. भजी खाणारी, भांडणारी, निगेटिव्हचा डबा घेऊन बसणारी मी. त्यासाठी तुम्ही तुमचा फोटो दिलात, आणि वर माझे टोमणे खाल्लेत, मी गाठोडी म्हटलं की मान हलवलीत. असं कोणी करतं का हो? एकदा तरी सांगायचं होतं. मी काय काचेची होते? विचारायचं तरी होतं, यमुना, तुला झेपेल का? झेपलं असतं मला. खोटं बोलत नाही. नाही, खोटंच बोलते. त्या वर्षी मला नसतं झेपलं, आणि ते तुम्हाला माहीत होतं. पण नंतर? पाच वर्षांनी, सात वर्षांनी, कधीतरी ब्रश धुता धुता? मी तुमच्या पाया पडले असते, आणि मग पुन्हा भांडले असते. आता कोणाशी भांडू? तुमचे उपकार मानायला गेले तर ऐकायला कोणी नाही, आणि रागवायला गेले तरी नाही. फार एकटी पडले हो मी आज, तुम्ही गेलात त्या दिवसापेक्षाही जास्त.

मी बाकाच्या कडेला टेकले. मास्तर घाबरले. आत जाऊन ते एक जांभळं कापड घेऊन आले, घडी मोडलेली, दोन्ही हातांवर धरलेली.

"बाई, झाकू काय?"

"नाई मास्तर," मी म्हटलं. "झाकनारा गेला. आता मलेच पाहा लागंल."

त्यांनी कापड खाली घेतलं, आणि मी पाहिलं.